भिडूच्या आधीची बोली

कँप रिहे खिंड, पोस्ट पौड
रविवार, ता. ७ नोव्हेंबर १९२६

कुशाबा, रामराम.

लांबलचक मायना लिहीत नाही. तू तो न वाचताच मजकुरावर उडी मारतोस. सहा वर्षं एका तंबूत काढल्यावर माणसाचं एवढं तरी कळतं.

तुला वाईला जाऊन तीन आठवडे झाले. जाताना चकार शब्द बोलला नाहीस. तुझी ट्रंक न्यायला बैलगाडी दारात उभी राहिली, तेव्हा मला कळलं की आपला जोडीदार ओव्हरसियर दुसऱ्या रस्त्याच्या कामावर निघाला. गेलास तर गेलास, पण आमचा शनिवारचा डाव मोडलास त्याचं काय? ब्रिजला चार माणसं लागतात. हॉल्डन साहेब आणि पोस्टमास्तर दोन शनिवार नुसते पत्ते पिसत बसले आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जसा काही मीच तुला हाकललं. शेवटी गोदामाच्या कोंडिबाला धरून आणला आणि तुझ्या खुर्चीवर बसवला. त्याला ऑक्शन ब्रिज शिकवायचं म्हणजे रेड्याकडून वेद म्हणवून घ्यायचे. पूर्वी ते एकदा जमलं, पौडला जमेल असं दिसत नाही.

त्याला म्हटलं, समोर बसतो तो आपला भिडू. त्याची पानं दिसत नाहीत, बोलीवरून ओळखायची. ‘चार बदाम’ म्हटलं की बदाम हुकूम धरून तेरापैकी दहा हात आपली जोडी करणार, असं वचन झालं. मग त्याला ती गोष्ट सांगितली जिच्यावरून तू आणि मी सहा वर्षं भांडलो. हातात एकाच रंगाची सात-आठ पानं आहेत आणि बाकी सगळी दुर्री-तिर्रीची पलटण, तर एक, दोन करत चढत बसायचं नाही. तोंड उघडायचं ते चारालाच. मग समोरच्या जोडीला आपसात बोलायला जागाच उरत नाही. आपण एखाद-दोन हातांनी बुडतो, पण त्यांचा मोठा डाव मारला जातो. आणि भिडूनं अशी बोली केली की आपण वर काही बोलायचं नाही, हा नियम.

कोंडिबा डोकं खाजवत म्हणाला, “पन रावसाब, भिडूच्या हातात चांगली पानं असली तर? त्याचं बी तोंड बंद हुतंय की.”

तुझंच तुणतुणं! पहिल्या हाताला नको, दुसऱ्या हाताला तर नकोच नको, तिसऱ्या हाताला भिडू पास म्हणून गेला की मग खुशाल चार म्हण, असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, तोवर शत्रू बोलून जातो, धाक घालायचा तो आधी. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. तू सावध खेळणारा. सावध खेळणाऱ्यानं कधी डाव मारलेला मी बघितला नाही.

आणखी एक. त्या सोमवारच्या अपघाताचा खटला पौडला महालकऱ्यांसमोर चालणार आहे. नाथा गेला त्याला उद्या चार आठवडे होतील. त्याचा थोरला भाऊ पिराजी, आपला सुरुंगांचा मुकादम, त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका आला आहे. तुलाही कदाचित विचारतील. सांगायचं ते सोपं आहे. शनिवारी सात सुरुंग भरले, पिराजीनं सात उडाल्याचं सांगितलं, आपण ते धरून चाललो. याहून जास्त काही आठवत बसू नकोस.

परत ये. साहेब तुझी जागा देतो म्हणाला.

जयसिंग

*

कँप रिहे खिंड
रविवार, ता. २१ नोव्हेंबर १९२६

कुशाबा,

पत्राचं उत्तर नाही. वाईला शाई मिळत नाही काय?

इथं सगळे तुझी चौकशी करतात. साहेब विचारतो, पोस्टमास्तर विचारतात. पिराजी विचारत नाही. तो जामिनावर सुटून आलाय आणि खिंडीच्या वरच्या धनगरवाड्यात बसून असतो. कामावर येत नाही. नाथाची बायको बानूबाई मात्र येते. तिची मेंढरं दिराच्या पोरींकडे असतात, आणि ती खडी फोडते. खिंडीतून निघालेलाच दगड. तिला दुसरीकडे पाणी भरायला लाव, असं मी कोंडिबाला सांगितलं होतं. ती म्हणाली, “दगडानं काय केलंय माजं?” आणि बसली पुन्हा हातोडी घेऊन.

तू त्या सोमवारी सकाळी वरच्या अंगाला होतास, मी खाली होतो. त्यामुळे मी जे बघितलं ते तू बघितलं नाहीस. नाथानं पहार लावली ती शनिवारच्या जुन्या भोकाच्या बुडाशी. हे लोक तसंच करतात, नवं भोक पाडण्यापेक्षा जुन्याचं बूड पुढं नेलं की अर्धा दिवस वाचतो. पाच-सहा ठोके पडले असतील. तळाशी दारू तशीच होती. पुढचं लिहीत नाही.

तर प्रश्न एवढाच की शनिवारी किती सुरुंग वाजले. पिराजीची रीत तुला माहीत आहे. जितके सुरुंग तितके खडे डाव्या मुठीत, आणि खडकाआड बसून एकेका आवाजाला एकेक खडा उजव्या मुठीत. आता दोन सुरुंग एकदम वाजले तर कानाला एकच आवाज येतो, हे तूही मान्य करशील. मीही मोजत होतोच. मला सात ऐकू आले असं मला वाटतं.

राग मानू नकोस, एक गोष्ट केली आहे ती सांगून टाकतो. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी साहेबानं माझ्याकडून लेखी हकिगत मागितली. तू आपल्या तंबूत तोंड फिरवून पडला होतास. मी लिहिलं की मुकादमानं सात मोजल्याचं सांगितलं, आणि दोघाही ओव्हरसियरांनी स्वतः सात ऐकले. दोघाही. म्हणजे त्यात तुझं नाव आलं. तुला विचारायला पाहिजे होतं, पण साहेब दारात उभा होता. आणि खरं सांगू? आपण दोघं एका बाजूला असलो की मध्ये कुणाला पाचर मारता येत नाही, हा विचार होता. कागद पिराजीला वाचून दाखवला. नाथाची राख सावडून तो नुकताच आला होता. त्यानं काही न विचारता अंगठा उठवला.

तेव्हा आता तू वेगळं काही बोललास तर दोघंही गोत्यात येऊ. हा धाक नव्हे. वस्तुस्थिती सांगतोय.

जयसिंग

*

कँप रिहे खिंड
रविवार, ता. ५ डिसेंबर १९२६

कुशाबा,

तुझं उत्तर मिळालं. कार्डावर! अरे, दोन पैसे जास्त टाकून पाकीट घेता आलं नाही? पोस्टमास्तरांनी ते आधी स्वतः वाचलं आणि मग माझ्या हातात दिलं. देताना माझ्याकडे बघितलं नाही. काल डावाला आले, तेव्हा बोलीखेरीज एक शब्द बोलले नाहीत.

तू चार ओळी लिहिल्यास त्या मला पाठ झाल्या आहेत. ‘माझं नाव खोडून टाक. मी सहा मोजले होते. तू साहेबाला सात म्हणालास तेव्हा बोलायला मी तोंड उघडलं होतं आणि तुझा आवाज ऐकून मिटलं, सहा वर्षांची सवय. त्याची लाज वाटते म्हणून निघून आलो.’

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा भयंकर संताप आला. वाटलं, हा मोठा साधू! उघडलं होतं तर बोलायचं होतंस. मी काय तुझ्या तोंडावर हात ठेवला होता? दोन दिवस मी तुला मनातल्या मनात शिव्या घालत फिरलो. तिसऱ्या दिवशी बानूबाई पाटी उतरवत होती, तिला कोंडिबानं हात दिला आणि ती त्याला म्हणाली, “भाऊजींस्नी तुरुंगात घालत्याल का रं?” मी दोन हातांवर होतो. मला विचारलं नाही. मला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

तर आता लिहितो. मी सात ऐकले नाहीत. सहाही ऐकले नाहीत. मी मोजतच नव्हतो. त्याच्या आधीच्या शनिवारी मी वाटणारा, म्हणजे पहिला बोलणारा, असताना चार बदाम म्हणालो होतो आणि तुझ्या हातात इस्पिकचा एक्का, राजा, राणी निघाली होती, आणि आपण बुडालो होतो. खडकाआड बसून मी तोच डाव पुन्हा मांडत होतो. तुला कसं पटवायचं याची वाक्यं जुळवत होतो. सुरुंग उडाले ते मला दूर कुठंतरी वाजल्यासारखे वाटले.

मग धूर ओसरला आणि पिराजी माझ्याकडे आला. डावा हात उघडून म्हणाला, “रावसाब, योक ऱ्हायला.” खडा मी बघितला, कुशाबा. लालसर होता. तेवढ्यात साहेब पायवाटेनं खाली उतरला, हातात घड्याळ. “सगळे गेले?” असं त्यानं वरूनच विचारलं.

एक राहिला म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे तुला माहीत आहे. खिंड बंद. भोकात पाणी ओतून, दारू धुऊन, शेजारी नवा सुरुंग घेऊन तो उडेपर्यंत साहेब आणि आपण दोघं तिथून हलू शकत नव्हतो. संध्याकाळ गेली असती. शनिवारची संध्याकाळ. मी पिराजीच्या डोक्यावरून ओरडलो, “सातही गेले, साहेब!” साहेबालाही सातच हवे होते, तो वळून गेला. पिराजीला म्हटलं, दोन एकदम वाजले रे. त्यानं तुझ्याकडे बघितलं. तू बुटाची नाडी बांधायला वाकलास.

याच्यासाठी, कुशाबा. पत्त्यांच्या एका डावासाठी. दुसरं काही कारण शोधून बघितलं, सापडत नाही.

सुनावणी १७ तारखेला आहे. तुला समन्स निघालेलं नाही, मी चौकशी केली. मी आहे साक्षीला. मी खरं सांगणार आहे. आणि तुझं म्हणणं मला आता पटलंय, म्हणून या वेळी घाई करणार नाही. आधी पिराजीला बोलू देईन. तो सहा मोजले म्हणेल, त्याचं म्हणणं नोंदलं जाईल, मग मी उठेन आणि त्याला दुजोरा देईन. त्याच्या आधी मीच धावत जाऊन बोललो, तर लोक म्हणतील शिकलेल्यानं अडाण्याला पढवलं. तिसऱ्या हाताला बोलायचं, नाही का? सहा वर्षांत पहिल्यांदा तुझं ऐकतोय.

जयसिंग

*

पौड
रविवार, ता. १९ डिसेंबर १९२६

कुशाबा,

पिराजीला चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

शुक्रवारी कचेरीत फार गर्दी नव्हती. साहेब पुढं बसला होता, मी त्याच्या मागं. धनगरवाड्यातले पाच-सहा जण बाहेर पायरीवर, बानूबाई त्यांच्यात. महालकरी माणूस शांत आहे, त्यांनी पिराजीला दोनदा समजावून विचारलं की गुन्हा कबूल आहे का, घाबरू नकोस, जे असेल ते सांग. मी मनाशी म्हणत होतो, सांग, सहा म्हण, मी आहे मागं.

पिराजी म्हणाला, “मी सात मोजलं सरकार. चूक माजी हाय.”

त्यांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, “माज्याच हातानं माजा भाऊ गेला. ल्हिवा.”

मग कारकुनानं माझा कागद वाचला, खाली पिराजीचा अंगठा. आरोपी कबूल आहे म्हटल्यावर साक्षीची गरज उरली नाही. पाव तासात आटोपलं.

मी उठलो, असं तुला लिहिणार होतो. तसं लिहून तो कागद फाडलाही. मी उठलो नाही. अर्धा उठलो होतो, साहेबानं मान वळवून बघितलं, आणि मी खाली बसलो. बोलायला तोंड होतं, वेळ होती, महालकऱ्यांनी ऐकलंही असतं. माझी लाज वाटते मला. ज्या दिवशी गप्प बसायचं त्या दिवशी मी पहिला ओरडलो, आणि ज्या दिवशी पहिलं ओरडायला पाहिजे होतं त्या दिवशी पाळी यायची वाट बघत बसलो. तुझा नियम चुकीचा नाही. मी तो कुठं लावला ते चुकलं. माझ्या आधी बोलणारा माणूस काय बोलेल, हे मीच दोन महिन्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं.

बाहेर ओसरीवर शिपाई त्याला घेऊन उभा होता. मी जवळ गेलो. म्हटलं, पिराजी, तू सहा मोजले होतेस, खडा हातात होता तुझ्या, मला दाखवलास.

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जसा काही मीच आजारी आहे. “व्हता का? मला बी आदी तसंच वाटायचं. पन तुमी सात म्हनला. कागदात कुशाबारावांचं बी नाव हाय. दोन शिकल्याली मानसं, तुमी खोटं कशापायी बोलाल? दोन म्हैनं तेच घोळवतोय मी. आता कान लावला की सातच वाजत्यात, रावसाब.”

शिपाई म्हणाला, चला. पिराजीनं मला रामराम केला. बानूबाई पायरीवरून उठली आणि त्याच्या मागं मागं पार मोटारीच्या अड्ड्यापर्यंत चालत गेली.

काल शनिवार होता. मी डावाला गेलो नाही.

जयसिंग

*

रिहे
रविवार, ता. २ जानेवारी १९२७

कुशाबा,

घरून लिहितोय. नोकरी सुटली, किंवा सोडली, साहेब एक म्हणतो आणि मी एक. मी खरी हकिगत लिहून त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं ती वाचली आणि म्हणाला, “जयसिंग, हे तू दोन महिने आधी आणलं असतंस तर मी तुझ्यावर रागावलो असतो. आता मला तुझी कीव येते.” ऐकून घेतलं. चूक काय बोलला?

नाताळानंतर पुण्याला जाऊन वकील गाठला. माझं प्रतिज्ञेवरचं निवेदन आणि अपिलाचा अर्ज दिला आहे. निवेदनात माझ्यापुरतंच लिहिलं आहे. मी मोजलं नाही, खडा बघितला, खोटं बोललो, खोटं लिहिलं. तू काय ऐकलंस याबद्दल एक अक्षर नाही, आधीच्या कागदातलं तुझं नाव माझ्या मनानं घातलं होतं एवढं मात्र आहे. तुला यायचं असेल तर ये आणि तुझं तू बोल. येणार नाही म्हणालास तरी मी काही बोलणार नाही. वकील म्हणतो, कबुलीवर झालेली शिक्षा फिरवणं अवघड. अपील उभं राहीतो चार महिने सरतही येतील.

येरवड्याला पिराजीची भेट मिळाली. दहा मिनिटं. मी सगळं सांगितलं, खडा, साहेबाचं घड्याळ, पत्ते, सगळं. त्यानं शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाला, “तुमी मला सोडवाया खोटं बोलताय. नगा बोलू. आंगाशी यील तुमच्या.” मी गजांना धरून शपथ घेतली. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या रावसाब. मानूस गेला तो गेला.” त्याची समजूत पटवायला तू आलास तर कदाचित पटेल. माझं ऐकून त्यानं एकदा काय ते करून घेतलं, पुन्हा कसं ऐकेल?

काल सकाळी धनगरवाड्यावर चढलो. बानूबाई मेंढरांच्या जाळीच्या, वाघरीच्या, कडेला बसून एका लंगड्या कोकराच्या पायाला पट्टी बांधत होती. मला बघून उठली नाही. मी उभ्यानंच सांगितलं. तिला बोली, भिडू, चार बदाम यातलं काय कळणार, म्हणून पत्त्यांचं वगळून सांगायला लागलो होतो. मग वाटलं, वगळलं तर पुन्हा तेच झालं. तेव्हा तेही सांगितलं. शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं पत्ते खेळायचो, एक सुरुंग राहिला म्हटलं असतं तर तो खेळ चुकला असता, म्हणून मी सात म्हणालो.

तिनं गाठ मारली, कोकरू सोडलं. ते लंगडत आईकडे गेलं, तिकडे ती बघत होती. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, दगड उचलेल. मी त्याचीच वाट बघत होतो.

“मंग त्या सांच्याला खेळला का तुमी?”

खेळलो, म्हणालो.

“कोन जिकलं?”

कुशाबा, तुला आठवत असेल. मलाही आठवत होतं. मी तिला सांगितलं, आम्ही.

जयसिंग